कोचीच्या बंदरात तीन दिवस

नाताळची धामधूम संपते, तीन राजांचा सणही पार पडतो आणि मग धर्मग्रामातल्या धर्मगुरूला चार मोकळे दिवस मिळतात. गेल्या जानेवारीत ते दिवस मी कोचीत घालवले. सेमिनरीतला माझा एक वर्गमित्र एर्नाकुलमला असतो. जन्माने तो सिरो-मलबार परंपरेचा. "ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला जागा राहणारा वर्गात तू एकटाच होतास. तेव्हा कोची पाहण्याचा अधिकार तुझाच," असे त्याने पत्रातून लिहिले आणि मी तिकीट काढले.

रविवारच्या मिस्सानंतर ही बातमी कुणीतरी फोडली. एका आजीबाईंनी मला पायरीवरच गाठले. "फादर, तिथे वास्को द गामाची कबर आहे ना? त्याला माझा नमस्कार सांगा. तो आला म्हणून आपण आहोत." मी हसून हो म्हटले. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीज थडग्यांवरून अनवाणी धावत लहानाचे मोठे झालेले आम्ही लोक! गामा आमच्या कल्पनेत जवळजवळ नातेवाईकच असतो. वास्तविक आमच्या अनेक गावांना सुवार्ता मिळाली ती १५३४ साली बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिल्यानंतर, आणि तोवर गामाला मरून दहा वर्षे झाली होती. पण आजीबाईंशी सनावळीचा वाद कोण घालणार?

एर्नाकुलमच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला बोटीने जाणे हीच कोचीची खरी ओळख आहे. डावीकडे विलिंग्डन बेट दिसते. विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने बंदराचा तळ खणून काढलेल्या गाळाने ते वाढवले. समोर वायपीन, पलीकडे वल्लारपाडम, आणि मधे पाण्याचे इतके फाटे की नदी कोणती, खाडी कोणती आणि समुद्र कोणता हे परक्याला उमगू नये. हे बंदर तसे फार प्राचीन नाही. प्राचीन बंदर म्हणजे उत्तरेचे कोडुंगल्लूर. रोमन लोक त्याला मुझिरिस म्हणत आणि मिऱ्यांसाठी तेथे सोने ओतत. संत थॉमस इ. स. ५२ मध्ये तेथेच उतरले अशी केरळातील ख्रिस्ती समाजाची दृढ परंपरा आहे. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, कोडुंगल्लूरचे मुख गाळाने बुजले आणि त्याच लोंढ्याने कोचीचे मुख मोकळे केले, असे मानले जाते. एका पुराने एक बंदर मारले आणि दुसरे जन्माला घातले. पुढच्याच शतकात चिनी दर्यावर्दी चंग ह याच्या ताफ्याबरोबर आलेल्या मा हुआनने कोचीचे वर्णन लिहून ठेवले आहे.

कोडुंगल्लूरचे आणखी एक नाते आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. १८८६ साली पोर्तुगीज पाद्रोआदोखाली दमण धर्मप्रांत स्थापन झाला आणि वसई-साष्टीचे बरेचसे धर्मग्राम त्याखाली आले. त्या दमणच्या महागुरूंना 'क्रांगानोरचे आर्चबिशप' अशी मानाची पदवीही असे. क्रांगानोर म्हणजे हेच कोडुंगल्लूर. १९२८ पर्यंत, दमण धर्मप्रांत विसर्जित होईतो, आमच्या आजोबा-पणजोबांचे महागुरू न पाहिलेल्या केरळी बंदराचे नाव आपल्या नावापुढे मिरवीत होते.

बोटीतून उतरताच ती प्रसिद्ध चिनी जाळी दिसतात. 'चीना वला' हे त्यांचे स्थानिक नाव. सागवानाच्या वाशांची प्रचंड चौकट, दोरीला बांधलेले दगड, आणि चारपाच माणसांनी एका सुरात ओढलेले दोर. जाळे पाण्यात बुडते आणि थोड्याच वेळात वर येते. मासळी अगदीच बेताची निघाली. ओढणाऱ्यांपैकी एकाने ती आम्हाला दाखवून खांदे उडवले. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याने हे पाहिले असते तर एवढ्या लाकडात दोन होड्या झाल्या असत्या असे नक्कीच ऐकवले असते.

जाळ्यांच्या मागे, चार पावलांवर इतिहासाची सुरुवात होते. डिसेंबर १५०० मध्ये पेद्रो आल्वारेस काब्राल कालिकतच्या सामुद्रीशी भांडून येथे आला. कोचीचा राजा सामुद्रीचा अंकित होता. या परक्यांच्या तोफा आपल्या उपयोगी पडतील हा हिशेब त्याने केला, आणि सामुद्रीने १५०३ साली चढाई केली तेव्हा तो काही प्रमाणात खराही ठरला. पोर्तुगिजांनी राजाला पुन्हा गादीवर बसवले आणि मोबदल्यात किल्ला बांधण्याची परवानगी मिळवली. भारतातील हा त्यांचा पहिला किल्ला. आपल्या राजाच्या नावावरून त्यांनी त्याला मानुएल हे नाव दिले. १५३० मध्ये राजधानी गोव्याला हलेपर्यंत पोर्तुगीज सत्तेचे मुख्य ठाणे कोची होते. किल्ल्याचे आज फक्त अवशेष आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो सुरुंग लावून पाडला.

संत फ्रान्सिस चर्च साधे आहे, अगदी आपल्याकडच्या एखाद्या जुन्या चर्चसारखे. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी आरंभी ते लाकडाचे बांधले, आणि १५१६ साली दगडी बांधकाम पुरे होऊन ते संत अंतोनीच्या नावे अर्पण झाले. पुढे या एका इमारतीने जितके धनी पाहिले तितके क्वचितच कुणी पाहिले असतील. १६६३ साली डच आले, त्यांनी वेदी व मूर्ती काढून तेथे आपली सुधारित पंथाची उपासना सुरू केली. १७९५ साली इंग्रज आले, मग ते अँग्लिकन झाले आणि त्याच काळात त्याला संत फ्रान्सिसचे नाव पडले. आज ते दक्षिण भारताच्या प्रोटेस्टंट मंडळीकडे, सी. एस. आय.कडे आहे. छताखाली अजून ओढपंखे टांगलेले आहेत. बाहेर बसलेला माणूस दोरी ओढी आणि आत साहेब प्रवचन ऐकत गार होई.

उजव्या हाताला, जमिनीत, कठड्याने वेढलेला एक झिजलेला दगड आहे. ती गामाची कबर. १५२४ च्या सप्टेंबरात तो व्हाइसरॉय होऊन तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तेव्हा त्याची गलबते प्रथम लागली ती आपल्या चौलला. तेथून गोवा आणि मग कोची. अवघ्या तीन महिन्यांत, नाताळच्या आदल्या दिवशी, तो येथे वारला. परंतु १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. म्हणजे गेली पावणेपाचशे वर्षे लोक एका रिकाम्या खळग्यापुढे टोप्या काढीत आहेत!

मला आजीबाईंचा निरोप आठवला. सांगावा की नाही? येथे तो नाही हे एक कारण झाले, पण माझी अडचण तेवढीच नव्हती. सेमिनरीत आम्ही १४९८ सालचा गामा शिकलो. १५०२ सालचा गामा मी पुढे स्वतःच वाचला. त्या वर्षी मक्केहून यात्रेकरूंना घेऊन परतणारे 'मीरी' हे जहाज त्याने मलबारच्या समुद्रात अडवले, लुटले आणि बायकामुलांसह पेटवून दिले. हे त्याच्या शत्रूने रचलेले नाही, त्याच्या ताफ्यातील माणसांनीच लिहून ठेवले आहे. गामाच्या शिडांवर क्रूस होता. त्या दगडाशी मी थोडा वेळ उभा राहिलो, मनात त्या जहाजावरच्या मृतांसाठी एक 'हे आमच्या बापा' म्हटली आणि बाहेर आलो. नमस्कार खिशातच राहिला.

चर्चच्या दोन्ही भिंतींवर थडग्यांचे दगड उभे करून बसवले आहेत. एकीकडे पोर्तुगीज, समोर डच. जिवंतपणी एकमेकांचे गळे कापणारे आता समोरासमोर उभे आहेत. वसईच्या किल्ल्यातील थडगी आपण पावसात टाकली आहेत, येथे ती निदान छपराखाली आहेत, एवढी ईर्ष्या मला वाटली हे कबूल करतो.

जवळच सांताक्रूझ महामंदिर आहे. मूळ चर्चचा पाया १५०५ चा, कोची धर्मप्रांत १५५७ चा. डचांनी कोची जिंकल्यावर बाकीची कॅथलिक चर्चेस जमीनदोस्त केली. हे मात्र ठेवले ते भक्तीने नव्हे, शस्त्रांचे कोठार म्हणून. पुढे इंग्रजांनी तेही पाडले. आवारात जुन्या महामंदिराचा एकच कोरीव दगडी खांब उभा आहे. तो पाहताना मनात वसई आली. १७३९ साली, कोचीनंतर शहात्तर वर्षांनी, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आमच्या चर्चेसच्या घंटा भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेल्या आणि अजून तेथे वाजतात. त्याबद्दलची हळहळ आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कोचीत मात्र चर्चेस पाडणारे ख्रिस्तीच होते, आणि घंटांचे पुढे काय झाले हे विचारायला मागे कुणी उरले नाही.

आजचे महामंदिर १९०५ साली पवित्र करण्यात आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये त्याला बॅसिलिकाचा मान दिला. आतील वेदीमागची चित्रे आंतोनियो मोस्केनी या इटालियन येशूसंघीय ब्रदरची आहेत. मंगळूरच्या संत अलॉयशियस चॅपेलच्या भिंती व छत रंगवणारा तो हाच. कोचीचे काम हातावेगळे केले आणि नोव्हेंबर १९०५ मध्ये, अर्पणविधीला जेमतेम काही दिवस उरले असताना तो येथेच वारला. दीपांनी उजळलेले आपले चित्र त्याला पाहायला मिळाले नाही. मी बराच वेळ मागच्या बाकावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मित्राने मला मट्टांचेरीला नेले. "आज तुझ्या परीक्षेचा प्रश्न," तो म्हणाला. सेमिनरीच्या पाठ्यपुस्तकात या घटनेला फार तर अर्धे पान होते. त्याच्या घरी ती आजी नातवाला सांगते.

पोर्तुगीज आले तेव्हा केरळात ख्रिस्ती समाज शतकानुशतके नांदत होता. त्यांची उपासना सिरियाक भाषेत, त्यांचे महागुरू खाल्डियातून येत, आणि गावगाड्यात त्यांना मान होता. पोर्तुगिजांना प्रथम आनंद झाला, मग संशय आला. जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझेस यांनी उदयंपेरूर येथे धर्मपरिषद भरवली. सिरियाक ग्रंथ तपासून दुरुस्त करावेत किंवा जाळावेत असा आदेश निघाला. किती ग्रंथ गेले याचा हिशेब नाही, परंतु केरळच्या ख्रिस्ती समाजाचा लिखित इतिहास आज इतका तुटपुंजा का, याचे एक उत्तर त्या आगीत आहे.

अर्धशतक लोकांनी सोसले. १६५२ मध्ये अहत्तल्ला नावाचे एक पूर्वेकडील महागुरू मैलापूरला उतरले. पोर्तुगिजांनी त्यांना ताब्यात घेऊन गोव्याकडे रवाना केले. गलबत कोचीवरून जाणार हे कळताच हजारो लोक जमले आणि त्यांना भेटू द्या म्हणून विनवू लागले. भेट नाकारण्यात आली. त्यांना समुद्रात बुडवले अशी अफवा उठली. ती खरी नव्हती, पण लोकांना ती खरी वाटली, आणि ज्यांच्यावर लोकांचा विश्वास उरलेला नाही त्यांच्याविषयीच्या अफवा नेहमीच खऱ्या वाटतात. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीच्या क्रूसापाशी जनसमुदाय जमला. सगळ्यांचे हात क्रूसाला पोचेनात, म्हणून त्याला दोर बांधले आणि ते दोर हाती धरून लोकांनी शपथ घेतली की यापुढे आर्चबिशप गार्सिया व त्यांचे येशूसंघीय यांचे आम्ही ऐकणार नाही. दोरांच्या ओढीने क्रूस वाकला म्हणतात. म्हणून त्याचे नाव 'कूनन कुरिशु', वाकलेला क्रूस.

शपथ कोणाविरुद्ध होती, रोमविरुद्ध की केवळ येशूसंघीयांविरुद्ध, यावर आजही दोन्ही बाजूंचे विद्वान भांडतात. मला स्वतःला दुसरे मत पटते. रोमने पुढे कार्मेलाइट धर्मगुरू पाठवले आणि पुष्कळ लोक परतलेही. बाकीच्यांनी सिरियाच्या अंत्युखियाशी नाते जोडले. एका घराची दोन घरे झाली, मग दोनांची आणखी. त्या जागी आज सिरियन परंपरेचे ख्रिस्तमंदिर आहे. माझ्या मित्राने दाराशी हात जोडले. "माझ्या घराण्यातील काही शाखा त्या बाजूला आहेत," तो म्हणाला. "लग्नाला बोलावतो, परमप्रसाद मात्र एकत्र घेत नाही." यावर मी काय बोलणार? त्या वर्गात मी जागा होतो खरा, पण हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नव्हता.

राजवाड्याविषयी थोडक्यात सांगतो. पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास तो राजाला बांधून दिला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव पडले 'डच पॅलेस', आणि भिंतींवर आहे रामायण! त्याला लागूनच ज्यूंचे सिनेगॉग आहे, १५६८ चे. १६६२ मध्ये डचांच्या वेढ्याच्या वेळी पोर्तुगिजांनी त्याची नासधूस केली आणि डचांच्या अमलात, १६६४ साली, ते पुन्हा उभे राहिले. जमिनीवर चीनमधून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. १९६८ मध्ये चारशे वर्षांच्या सोहळ्याला पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या होत्या. तेव्हाच समाज विरळ झाला होता. १९४८ नंतर इस्राएलची वाट मोकळी झाली आणि लोक निघून गेले. छळाने नव्हे, हे विशेष. आज उपासनेला लागणारे दहा प्रौढ पुरुषही स्थानिकांतून जमत नाहीत. आपल्या कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत होतो, त्यांना हिब्रू प्रार्थना शिकवायला याच कोचीहून शिक्षक येत असत. अलिबाग-पनवेलच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा धर्मगुरुकुलाचा वाडा हा होता म्हणायचा.

ज्यू गल्लीत मसाल्याचा वास हवेत मुरलेला असतो. एका दुकानात मिरी घेण्यासाठी मी पैसे मोजू लागलो, सवयीने, ओठांत, मराठीत. दुकानातले वृद्ध गृहस्थ मान वर करून म्हणाले, "तुमी खंयचे?"

केरळात कोकणी! मग आमचे छान जमले. त्यांची कोकणी मल्याळी वळणाची, माझी वसईची मराठी, आणि मधल्या खड्ड्यांवर हातवारे. ते गौड सारस्वत. पूर्वज गोव्याचे. कुलदैवत अजून गोव्यात. केव्हा आलात विचारले तेव्हा ते सहज म्हणाले, "चारशेसाडेचारशे वर्षे झाली." मी काय करतो हे त्यांनी विचारले. मी पाद्री आहे असे सांगितले. ते क्षणभर थांबले, मग मिश्किल हसले. "तुमच्या लोकांमुळेच तर आम्ही इथे आलो."

त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते मला लागले. १५४० मध्ये गोवा बेटावरील देवळे पाडली गेली, १५६० साली धर्मसमीक्षण सभा म्हणजे इन्क्विझिशन सुरू झाले, १५६७ मध्ये साष्टीतील देवळे गेली. लोक रात्री मूर्ती घेऊन निघाले. कुणी नदीपलीकडे, कुणी कानडा मुलखात, कुणी थेट कोचीला. पोर्तुगिजांचा मित्र म्हणवणाऱ्या कोचीच्या राजानेच त्यांना मट्टांचेरीत जागा दिली. आणखी एक गोष्ट आपण आपल्या सणाच्या प्रवचनांत सांगत नाही, ती येथे लिहून ठेवतो. हे इन्क्विझिशन गोव्यात आणावे अशी मागणी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्राने करणारे संत फ्रान्सिस झेवियर होते. कोचीतून त्यांनी लिहिलेली, बालकांना रात्रंदिवस प्रार्थना शिकवल्याची पत्रे वाचून आम्ही घडलो. ते पत्र आणि हे पत्र एकाच हाताचे. संतपणावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच हे लपवावेसे वाटत नाही.

संध्याकाळी मी हे सारे मित्राला सांगितले. तो काही न बोलता उठला आणि आपल्या कपाटातून 'होर्तुस मलाबारिकुस'च्या पहिल्या खंडाची प्रत घेऊन आला. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींचा हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पती, पानापानावर चित्रे. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा ईळव वैद्य होता. आरंभीच्या कामाला हात लावला तो मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ या कार्मेलाइट धर्मगुरूंनी. आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तिघे कोकणी वैद्य दोन वर्षे त्यावर राबले. त्या तिघांचे १६७५ सालचे प्रशस्तिपत्रक ग्रंथात छापले आहे. भाषा कोकणी आणि अक्षरे नागरी.

मी ते पान दिव्याखाली धरले. ताम्रपटावर कोरून छापलेली ती अक्षरे वळणाने जुनी, पण आपली. ज्यांचे आजे-पणजे आमच्या धर्माधिकाऱ्यांच्या धाकाने घरे टाकून पळाले, ते पंडित येथे एका कॅथलिक धर्मगुरूच्या कामात आणि एका प्रोटेस्टंट गव्हर्नरच्या चाकरीत पानाफुलांची नावे सांगत बसले होते. गोव्यात याच सुमारास स्थानिक भाषेची गळचेपी चालू होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. त्यांना हवी होती तरी नागरी अक्षरे त्यांना मिळाली नाहीत. निर्वासितांना ती मिळाली.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी वेळ होता. मी पुन्हा त्या दुकानात गेलो. मित्राने त्या पानाची छायाप्रत काढून दिली होती, ती त्या गृहस्थांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला. नागरी अक्षरे त्यांना अडखळत वाचता येत होती, म्हणून काही ओळी मी वाचल्या, काही त्यांनी. एके ठिकाणी आम्ही दोघेही अडलो. शेजारच्या दुकानातील कुणाला तरी हाक मारली, तेही आले, आणि तिघांनी मिळून तो शब्द लावला. मिरीचे पैसे त्यांनी घेतले. वेलचीची एक पुडी मात्र वर टाकली आणि तिचे घेईनात.

घरी पोचल्यावर पहिल्याच रविवारी आजीबाई वाटेत उभ्या होत्या. "सांगितलात का नमस्कार?"

"आजी, कबर रिकामी आहे. त्याला कधीच घरी नेले."

"मग कुणाला सांगितलात?"

मी वेलचीची पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि कुणी दिली म्हणून विचारले. आम्ही दोघे पायरीवर बसलो आणि मी सांगू लागलो.